दोन खाचांची पट्टी

रावजी फिटरला 'हे बसणार नाही' असं तोंडावर सांगायची छाती अंबडच्या कारखान्यात सव्वीस वर्षांत कुणाची झाली नव्हती. मग कारखानाच बंद पडला आणि रावजी सिडकोतल्या घरात येऊन खुर्चीला चिकटले. हात मात्र सारखे शिवशिवत असायचे.

मुलगी स्नेहल घरच्या कॉम्प्युटरवर मशीनच्या पार्टांची ड्रॉइंग काढायची. एका कंपनीने तिला चाळीस ड्रॉइंग करायला दिली होती. शनिवारी ती नेऊन दाखवली की नोकरी पक्की. आणि नेमका गुरुवारी कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की नुसता टूं टूं ओरडायचा.

"मेमरी गेलीय, आबा," म्हणत तिने आतली एक हिरवी पट्टी उपसून कागदात गुंडाळली. "मला शिकवणीला जायचंय. तुम्ही अगदी अशीच आणा. खाली दोन खाचा आहेत बघा. एका खाचेची आणू नका. माझं सगळं काम या डब्यातच आहे."

"अगं, कळतं मला," रावजी म्हणाले.

एम. जी. रोडच्या दुकानदाराने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "ही जुनी जात. उद्या दुपारी मागवून देतो. आज नवी आहे, पण काका, ती यात बसणार नाही."

झालं! जे बोलायला नको तेच तो बोलला. रावजींनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. लांबी तीच, जाडी तीच, फरक फक्त खाचांचा.

"द्या ती," ते म्हणाले. "बसवायचं माझं मी बघतो."

घरी येऊन त्यांनी कितीतरी दिवसांनी हत्यारांची पेटी उघडली. जुन्या पट्टीवरून खाचांचं माप घेतलं, नवीवर रेघा मारल्या आणि बारीक कानशीने दोन खाचा पाडल्या. त्यात कडेचे चार-दोन सोनेरी दाते गेले. गेले तर गेले. पट्टी खटकन आत बसली. रावजींना पुन्हा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं, आणि त्या खुशीत त्यांनी बटण दाबलं.

आधी वास आला, मग धूर.

स्नेहल आली तेव्हा खिडक्या उघड्या होत्या. तिने पट्टी उपसली आणि त्या सुबक खाचांवरून बोट फिरवलं. "एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला? एक दिवस?"

"बसली होती गं," रावजी पुटपुटले. "केसाचाही फरक नव्हता."

यापेक्षा गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने सांगितलं, बोर्ड जळला आणि काम साठवलेली डिस्कही. नोकरी दुसऱ्याच मुलीला मिळाली. स्नेहलने त्यानंतर तो विषय काढला नाही. रावजींना वाटलं, पोरगी विसरली.

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघराचं दार चौकटीला घासायला लागलं. पाच मिनिटांचं काम. रावजींनी खुर्चीतूनच कुठे अडतंय ते हेरलं आणि पेटी काढायला ते उठले.

"आबा, तुम्ही बसा," स्नेहल म्हणाली. "सुतार येतोय."

सुतार आला. त्याने गरजेपेक्षा दुप्पट लाकूड रंधून टाकलं. दाराला खाली ही एवढी फट पडली. रावजी बघत बसले.

"छान झालं, दादा," स्नेहल सुताराला म्हणाली.