साहेब सोंगाड्या

सन शेहेचाळीसच्या चैत्रात मिरजगावच्या जत्रेला आसारामचा फड उतरला, तेव्हा पंचांनी रात्र तंबूतल्या सिनेमाला देऊन टाकली होती. तमाशाच्या वाट्याला उरली ती दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे कुस्त्यांच्या आधीचा छोटा खेळ.

फडमालक आसारामने पंचांना दोष दिला नाही. सोंगाड्याला दिला.

"गोरक्षा, लोकं हसंनात तुला. पडायच्या आदी तू गुडघा चाचपतोस. पार मागं बसलेल्यालाबी दिसतंय त्ये."

"सुजलाय गुडघा."

"शेवगावात एक पोरगं हाय. माकडावानी पडतंय. उद्या हजेरीतनं लोकं उठली, तर त्याला सांगावा धाडतो. मग तू पेट्या संभाळ."

गोरक्ष पडण्यावरच जगला होता. वगात तो राजाच्या हुजऱ्याचं काम करी. राणीसाठी जेवणाचं ताट घेऊन यायचं, महालाच्या उंबऱ्याला ठेच खायची आणि ताटासकट तोंडावर आपटायचं. त्याच क्षणी फडाचा ढोलकीवाला भीमा थाप मारी. महालाला भिंत नव्हती की उंबरा नव्हता. गोरक्ष जिथे पडे तिथे लोकांना उंबरा दिसे. आसपासच्या गावांत या पडण्यासाठी माणसं बैलगाड्या जोडून येत. आता ती येत नव्हती.

संध्याकाळी गोरक्ष भीमाला घेऊन सिनेमाच्या तंबूत शिरला. एखादं नवं पडणं चोरावं, एवढाच त्याचा बेत होता.

सिनेमा इंग्रजी होता. नगरच्या छावणीत गोऱ्या शिपायांना दाखवून झालेला. तंबूचा मालक महमूद हातात वेताची काठी घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा आणि काय चाललंय ते मराठीत सांगायचा. "हा आपला बारका साहेब, चिनीमातीच्या दुकानात नोकर. हा त्याचा मालक, लई खाष्ट."

बारका साहेब बश्यांची चळत हातात घेऊन शिडीवरून उतरू लागला. एक पायरी उरली असतानाच जमीन आली समजून त्याने पाय टाकला आणि तो सरळ, लाकडाच्या ओंडक्यासारखा, बश्यांसह जमिनीवर आला. तंबू हसून हलला. गोरक्ष मात्र पुढे सरकून बसला.

"हात टेकला न्हाई त्यानं," तो म्हणाला.

"कुनी?"

"साहेबानं. पडताना मानसाचा हात आदी जातो, भीमा. आईच्या पोटातनं शिकून येतो त्यो हात. ह्यानं त्याला ते इसरायला लावलंय."

"तू हसायला आलास का पंचनामा करायला?"

गोरक्षची नजर पडद्यावरच होती. साहेब पडत राहिला. मागे पडला, बसल्या बसल्या पडला, एकदा तर उठता उठता पडला. दर वेळी त्याचं डोकं जमिनीपासून वीतभर वर थांबत होतं. ते थांबवायला मानेला किती ताण पडत असेल, हे त्या तंबूत एकाच माणसाला कळत होतं. गोरक्षचा स्वतःचा हात नकळत मानेवर गेला होता.

साहेबाचा एका मुलीवर जीव होता. तिच्या दारापुढची पायरी कायम ओली असायची. साहेब फुलं घेऊन गेला, घसरला. छत्री घेऊन गेला, घसरला. नंतर नंतर नुसती पायरी दिसली तरी लोक हसू लागले.

मग मुलीचा वाढदिवस आला. साहेबाने कोट झाडला, केस चापून बसवले आणि मोठा केक दोन्ही हातांवर घेऊन तो निघाला. पायरी आली. माणसं मांड्यांवर थाप मारायला हात उचलून बसली.

"आता बघा हं, आता..." महमूद म्हणाला.

साहेब पायरीवरच थांबला. खिडकीतून त्याला दिसलं की दुसराच एक तरुण तिच्या बोटात अंगठी घालतोय, आणि ती हसतेय. साहेब थोडा वेळ पाहत राहिला. मग त्याने वाकून केक दारापाशी ठेवला. ओल्या पायरीकडे नीट बघितलं. कोरड्या कडेवर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि सावकाश उतरून निघून गेला.

तो घसरला नाही.

उचललेले हात तसेच खाली आले. बायकांच्या बाजूला एक तान्हं रडत होतं, तेवढाच आवाज. महमूदनेही काठी खाली घेतली.

खेळ सुटला तेव्हा गोरक्ष पडद्यापाशी गेला आणि कमरेचा रुपया काढून पडद्याच्या पायथ्याशी ठेवला. तमाशात चांगल्या कामाला अशी दौलतजादा देतात, आणि घेणारा देणाऱ्याचं नाव घेऊन सलाम करतो. मागची पोरं खिदळली.

"अवं सोंगाडे, साहेब तुमचं नाव घिऊन सलाम करनार का?"

महमूदने रुपया उचलून त्याच्यापुढे धरला. "गोरक्षभाऊ, तो तिकडं विलायतेत. मी कुणाला पोचवू हे?"

"त्ये मला म्हाईत हाय. पडद्यावर हाय, मानूस न्हाई. पन पहिल्यांदा तरी त्यो खराच पडला असंल की. आन् खराच थांबला असंल. राहू दे तितंच."

महमूदने रुपया जिथला तिथे ठेवला.

सकाळी लिंबाखाली हजेरी सुरू झाली. गण झाला, गवळण झाली. वग सुरू झाला तेव्हा ऊन चढलं होतं आणि कडेची पोरं आखाड्याकडे बघू लागली होती. आसाराम प्रेक्षकांच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघत उभा होता.

राणी झालेली रंगुबाई परक्या राजाशी बोलत बसली होती. गोरक्ष ताट घेऊन आला. उंबरा आला. भीमाने थापेसाठी हात उचलला.

गोरक्ष उंबऱ्यावरच थांबला. त्याने राणीकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या राजाकडे पाहिलं.

"पड की रं, गोरक्षा!" कोणीतरी ओरडलं.

पुढच्या रांगेत हसू फुटलं आणि तिथेच अडकलं. गोरक्ष वाकला. दुखऱ्या गुडघ्यावर वाकायला त्याला वेळ लागला, आणि तो वेळ त्याने लपवला नाही. ताट त्याने जमिनीवर ठेवलं. उंबऱ्याकडे नीट बघितलं. मग एक पाय उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला, दुसरा उचलून ठेवला, आणि पाठ न फिरवता मागे मागे सरकत राणीच्या नजरेआड झाला.

रंगुबाई पुढचं वाक्य विसरली. ती ताटाकडे बघत राहिली.

एकही माणूस उठला नव्हता. आखाड्याकडे तोंड केलेली पोरंसुद्धा वळून उभी होती. एका म्हाताऱ्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

भीमाचा हात अजून ढोलकीवर अधांतरी होता. घाबरून त्याने आसारामकडे पाहिलं. ढोलकीत श्वासाएवढी फट पडली तरी आसाराम शिव्या घालायचा.

आसाराम पुढे आला आणि त्याने भीमाचं मनगट धरलं.

"वाजवू नगं," तो हळूच म्हणाला. "थांब जरा. बसू दे त्यास्नी तसंच."