जमील पेंटरचा फळा

कारगिलच्या उन्हाळ्यात मंडळाच्या सांगण्यावरून जमील पेंटरनं भद्रकाली बाजारातल्या भिंतीवर एक सैनिक रंगवला. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मर्द असाल तर भरती व्हा!' चेहरा कुणाचा काढावा ते सुचेना, म्हणून समोर मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या फुलाबाईच्या पोराला, चंदरला उभं केलं. पोरगं लाजत लाजत सलाम ठोकून उभं राहिलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून अख्खा बाजार त्याची फिरकी घ्यायला लागला, "भिंतीवर मर्द, खाली मेथीवाला!" पंधरा दिवसांत चंदर खरोखरच भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. अडीच वर्षांनी सरहद्दीवर सुरुंग पेरताना गेला.

तेव्हापासून जमीलला धड झोप अशी आलीच नाही. पहाटे जरा डोळा लागला, की भिंतीवरचा सैनिक अलगद खाली उतरायचा आणि खाटेच्या कडेला बसून कुरकुरायचा, "चाचा, हात दुखतोय. कधी खाली घेऊ?" जमील म्हणायचा, "घे की बाबा." पण हात काही खाली येत नसे. रंग वाळलेला ना!

चौकात मंडळाचा फळा होता. रोज सकाळी त्यावर सुविचार लिहायचं काम जमीलकडेच होतं. आता तो सुविचाराऐवजी खडूनं व्यंगचित्रं काढू लागला. एकात पुढारी गादीवर लोळत कर्ण्यातून ओरडतोय, "पुढे व्हा, मी मागून आलोच!" दुसऱ्यात चहाच्या टपरीवर बसल्याबसल्या म्हाताऱ्यांची फौज लढाई जिंकतेय. लोक पोट धरून हसायचे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात पाठीमागे ब्रश लपवून उभा असलेला किडकिडीत पेंटर मात्र कुणाच्या नजरेत भरत नसे.

तो पेंटर फक्त फुलाबाईसाठी होता. ती फळ्याखालीच भाजी घेऊन बसायची, पण मान वर करायची नाही. अक्षर तिला येत नव्हतं. चित्र तर कळलं असतं! तूच माझा पोरगा नेलास, असं एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं जमीलला. शिवी घातली असती तरी चाललं असतं. स्वतःहून सांगायची मात्र छाती होत नव्हती बिचाऱ्याची.

एका सकाळी गोदावरीकडून दाट धुकं आलं. बाजार नुसता तरंगत होता. जमीलनं फळाभर तोच पेंटर काढला. त्याच्या ब्रशमधून एक रस्ता निघालेला, आणि रस्त्यावर पाठमोरा चंदर. धुक्यात तो खडूचा पोरगा खरंच चालतोय असं वाटत होतं.

फुलाबाईनं टोपली खाली ठेवली आणि आज मान वर केली.

"जमीलभाय, ह्यो तू हाय ना?"

"होय ताई. माझ्यामुळं गेला चंदर."

तिनं फळाभर नजर फिरवली.

"आन् मी कुठं हाय?"

"तुम्ही?"

"निघायच्या दिवशी म्हनला, आये, भ्या वाटतंय, नाय जात. म्या म्हनलं, बाजारभर पेढे वाटलेत, लोक हसतील. मला बी काढ."

जमीलनं खडू उचलला. त्यानं काढली तिला, चंदरच्या पाठीला हात लावून उभी.

फुलाबाई फळ्याजवळ आली. "तोंड रडकं नको काढू," ती म्हणाली, "तवा मी हसत व्हते."