साहेबांच्या टेबलावरचा डबा

मी डबा. पितळेचा, दोन कप्प्यांचा, वर कडी. तुम्ही म्हणाल, डब्यानं काय सांगावं! खाल्लं, घासलं, पालथा घातला, झालं. पण बाबांनो, माणसं जेवताना जेवढं बोलून जातात तेवढं कोर्टात शपथ घेऊनही बोलत नाहीत. आणि ते सगळं माझ्यादेखत होतं.

वाशीमच्या बाजारातून भागिरथाबाईंनी मला घेतलं तेव्हा त्यांचा नवरा होता. तो गेला आणि मी फळीवर काळा पडलो. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात बाईंनी मला चिंच लावून लखलखीत केलं, कारण आसेगावहून बहिणीचा मुलगा, उत्तम, राहायला येणार होता.

उत्तम नागपूरला बी.ए.च्या पुढची मोठी पदवी शिकत होता. कर्मचारी व्यवस्थापन आणि कामगार कल्याण! वस्तीत कोणाला ते नाव धड उच्चारता येईना. भागिरथाबाई सांगायच्या, "मजुराइले कसं वागवावं, थे शिकून राह्यला." अभ्यासाचा भाग म्हणून त्याला दोन महिने वाशीमच्या एका जिनात काढायचे होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. भागिरथाबाई तिथंच कामाला.

संध्याकाळी तो मोठ्यानं घोकायचा, "कामगाराने विश्वासाने सांगितलेली तक्रार नावानिशी वरिष्ठांपर्यंत जाता कामा नये." बाईंना अक्षर येत नव्हतं, पण चुलीपुढे बसून ऐकलेलं हे वाक्य त्यांच्या मनात पक्कं बसलं. म्हणून तर त्यांनी एकदा जिनातल्याच गंगूला हाताला धरून आणलं. तिची मैत्रीण हिरीबाईही सोबत आली. गंगू तोंड उघडेना, तशा बाई म्हणाल्या,

"सांग न वं, कायले भेतं? आपला पोट्टा हाय. नाव फुटू देत नाही तो, त्याच्या पुस्तकातच हाय तसं."

"लेकरू फाटकापाशी रडून रडून निळं पडते, भाऊ," गंगू खाली मान घालून म्हणाली. "मुकादम पाजाले सोडत नाही. सुटी होईपावतर जीव जाते माहा."

उत्तमचे डोळे भरून आले. "तुमचं नाव कुठंच येणार नाही," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, उगाच खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुटीत उत्तमनं मला जिनात उघडलं, तोच मॅनेजर बबनरावांनी हाक मारली. "अहो, कोपऱ्यात काय बसता? या इकडे, टेबलावर." आणि साहेबांनी माझ्यातली भाकर स्वतःच मोडून घेतली, ठेच्याला लावली, तोंडात टाकली. "वा! काय चव आहे!"

उत्तम बघतच राहिला. आसेगावात त्याच्या घरच्या लोट्यातलं पाणी गावातल्या कोणी कधी घेतलं नव्हतं. आणि इथे जिनाचा साहेब, सगळं माहीत असून, बौद्ध वस्तीतली भाकर आपल्या हातानं घेऊन खात होता. पोरगा असा फुलला की काय सांगू! साहेबांना काय देऊ आणि काय नको, असं झालं त्याला. आणि देण्यासारखं जवळ होतं काय, तर ऐकलेलं.

"साहेब, बायांना लेकरं पाजायला सोडत नाहीत हो."

"अरे अरे! कोण म्हणतं?" बबनरावांनी दुसरी भाकर मोडत विचारलं. अगदी मायेनं विचारलं.

"गंगू."

गेलं तोंडातून. मला पाय असते तर उडी मारून त्याचं तोंड दाबलं असतं. भाकरी माझ्यातल्या, म्हणून लाजही माझ्या वाट्याला आली.

सकाळी मुकादमानं गंगूला फाटकातच अडवलं. "साहेबाजवळ गाऱ्हाणं सांगतं काय? जाय, घरी बसून पाज."

गंगूनं सगळा आळ हिरीबाईवर घेतला. "तूच सांगतलं! माह्या जागी तुही बहीण लावाची हाय तुले." हिरीबाईनं पोरांची आण घेतली, रडली, पण व्यर्थ. दोघींचं बोलणं तुटलं.

त्या संध्याकाळी मला राखेनं घासता घासता भागिरथाबाईंनी हळूच विचारलं, "उत्तम, तू तं नाही सांगतलं न बापा?"

"नाही मावशी."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. भाकरी भरून देत राहिल्या. साहेबांनी बोलावलं की तो निमूट टेबलाशी जाऊन बसायचा. एकदा चाचरत म्हणालाही, "त्या गंगूला परत..."

"तुम्ही शिका हो, जिन आम्ही चालवतो," साहेब हसले. आणि हा पठ्ठ्याही त्यांच्यासोबत हसला! त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

तो निघाला त्या दिवशी बाईंनी मलाही त्याच्यासोबत दिलं, तेवढ्यात गंगू लेकराला कडेवर घेऊन दारात आली. "भाऊ, तुमी साहेबासंगं जेवता. माह्यासाठी एक शब्द टाका." आणि तिनं वाटेत खायला म्हणून माझ्यात ओंजळभर बोरं ओतली. उत्तमनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. "मामा हाय बरं हा तुहा," गंगू लेकराला म्हणाली.

"सांगतो साहेबांना," तो म्हणाला.

जऊळका स्टेशन मागं पडल्यावर त्यानं बोरं खिडकीबाहेर रिती केली आणि तोंड झाकून रडला.

पुढे त्याला पहिला वर्ग मिळाला. आता तो एका मोठ्या कारखान्यात अधिकारी आहे, आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात माळ्यावर. बायको म्हणते, डबा मोडीत देऊ. तो "राहू दे" म्हणतो आणि उठून जातो.

गेल्या उन्हाळ्यात भागिरथाबाई इथे आल्या होत्या. सांगत होत्या, गंगू आता रस्त्यावर गिट्टी फोडते. हिरीबाईच्या पोरीच्या लग्नालाही गेली नाही. "पण तुह्यं नाव काढते बरं," त्या म्हणाल्या. "म्हणते, भाऊनं शब्द टाकलाच असंन, साहेबच आयकला नसंन." उत्तम जेवणावरून अर्ध्यातच उठला.

उत्तम, बाबा, गंगूचं काम आता तुझ्या हातात नाही. पण हिरीबाईच्या माथी तुझ्या चुकीचा आळ आहे. वाशीमला जा. दोघींना समोरासमोर बसव आणि सांग. गंगू शिव्या देईल, तुझं नाव टाकेल. टाकू दे.