लाल दोरा उसवायचा राहिला

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण खडूचा नव्हे, टाचण्यांचा. तुम्ही मला नक्की पाहिलेलं असणार. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेत इन्स्पेक्टर ज्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा असतो, ज्याच्यावर फोटो टाचलेले असतात आणि त्या फोटोंमधून लाल दोरे इकडून तिकडे गेलेले असतात, तो मी. इन्स्पेक्टर माझ्याकडे टक लावून बघतो, मग एकदम त्याचे डोळे मोठे होतात आणि तो गाडीची किल्ली उचलून धावत सुटतो. त्याला माझ्यावर असं काय दिसतं, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. खरं सांगतो, काहीच दिसत नाही. ते दोरे कशालाच कशाशी जोडत नाहीत.

ते माझ्या अंगावर का राहिले, ती ही हकीकत आहे. सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. माझा विश्वासघात झाला आहे, आणि तो परक्या माणसाने केलेला नाही.

माझा जन्म एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी झाला. रस्त्याकडेची पुढची खोली, खिडकीपाशी पायाने चालवायचं मशीन आणि मागे कापड बेतायचं लांबलचक टेबल. शेजारच्या सुतारकाकांनी दाराचं उरलेलं लाकूड वापरून माझी चौकट केली आणि आत मऊ बोर्ड बसवला. बाईंनी त्यावर कोटाच्या अस्तराचं करडं कापड ताणून चढवलं. सुतारकाका माझे कोपरे निरखून म्हणाले, "एवढे नीट कोपरे मलाही जमले नसते." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणतो. कागदाचे नमुने, गिऱ्हाइकांची मापं, बटणांच्या पुड्या, सगळं माझ्या अंगावर टाचलेलं असायचं. टाचण्या टोचायच्या, पण कामाच्या टाचणीचं दुखणं मनाला लागत नाही.

मावशींचा एक नियम होता. कापड मशीनखाली घालण्याआधी त्या हाताने मोठमोठे टाके घालत, आणि तेही लाल दोऱ्याने. याला कच्चा टाका म्हणतात. पक्की शिवण पडेपर्यंत कापड जागेवर धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. शिवण पडली की लाल दोरा उसवून फेकायचा. म्हणून त्याची गाठसुद्धा त्या अशी मारत की एका ओढीत सुटावी. "लाल दोरा घेऊन माझ्या दुकानातून कपडा बाहेर जाणार नाही," असं त्या ठणकावून सांगत, आणि खरोखरच कधी गेला नाही.

त्यांची लेक त्या टेबलाखाली वाढली. नमुन्यांच्या खाकी कागदाच्या मागच्या बाजूला ती गोष्टी लिहायची आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात टाचायची, कारण तिचा हात तेवढाच पुरायचा. मावशी आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ती गोष्ट वाचायला लावत आणि मग माप घेत. वर्षावर्षाला त्या गोष्टी माझ्यावर थोड्या थोड्या वर चढत गेल्या. ती पोर मला फार लाडकी होती, हे मी मोकळेपणाने सांगतो.

लेक मोठी झाली आणि टीव्हीच्या मालिकांचे संवाद लिहू लागली. मालिका दुसऱ्यांच्या, पात्रंही दुसऱ्यांची. इकडे मावशींची बोटं आखडली आणि मशीनवर कायमचं झाकण पडलं. हात गेले, पण नजर शाबूत होती. अशात लेकीला पहिल्यांदाच स्वतःची मालिका लिहायची संधी मिळाली. मालिका गुन्ह्याची होती. तिने ठरवलं की यात छडा लावणारा पोलीस नसेल; शिवणकाम करणारी बाई असेल.

तसं ठरवायला कारण होतं. तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी जगात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. एकदा एक गृहस्थ आपल्या वारलेल्या वडिलांचा कोट घेऊन मावशींकडे आले होते. माझ्या मापाचा करून द्या, म्हणाले. कोट मावशींनीच वर्षापूर्वी शिवलेला होता. त्यांनी अस्तर उसवलं आणि त्या थबकल्या. कमरेत तो कोट एकदा नव्हे, तीनदा आत घेतलेला होता, आणि टाके शिंप्याचे नव्हते, घरातल्याच कुणाच्या तरी हातचे होते. म्हणजे म्हातारा वर्षभर वाळत चालला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसू नये म्हणून कुणीतरी गुपचूप त्याचा कोट आत घेत होतं. बाहेर मात्र 'अचानक गेले' असं सांगितलं होतं. मावशींनी त्या गृहस्थांना एवढंच विचारलं, "हे टाके कुणाचे?" ते कोट तिथेच टाकून निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

ही हकीकत लेकीने चिठ्ठीवर लिहून माझ्या बरोबर मधोमध टाचली.

"म्हणजे टीव्हीवर शिवणारी बाई दिसणार?" मावशींनी विचारलं.

"दिसणार. अगदी तुझ्यासारखी."

"शब्द?"

"शब्द दिला, आई."

मी समोरच भिंतीवर होतो. मी ऐकलं आहे.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मावशींनी जन्मभर टीव्ही लावून मशीन चालवलं होतं. त्यामुळे गुन्ह्याच्या मालिका त्यांना तोंडपाठ होत्या. लेक एकेक चिठ्ठी वाचायची आणि मावशी खुर्चीत बसून निकाल द्यायच्या.

"एक इन्स्पेक्टर आहे. त्याची बायको वारली आहे, म्हणून तो पितो."

"पाहिलंय."

"साहेब त्याला चोवीस तासांची मुदत देतात."

"पाहिलंय. आणि चोवीसच का गं? कधी सव्वीस द्या म्हणावं."

"खुनी फोन करून म्हणतो, तू आणि मी सारखेच आहोत."

"पाहिलंय. दोनदा."

"शेवटी खुनी त्याचा जुना मित्रच निघतो."

यावर मावशींनी नुसतं दोऱ्याचं रीळ पुढे केलं.

कारण जे आधी पाहिलंय, त्या चिठ्ठीतून लाल दोरा ओवायचा, असं दोघींनी ठरवलं होतं. उसनं ते कच्चं. नवीन सुचेपर्यंत गोष्टीची जागा धरून ठेवायला ते चालेल, पण नवीन सुचलं की उसवायचं. मावशी वाकड्या बोटांनी गाठ मारत, तीच, एका ओढीत सुटणारी. मग एखाद्या दुपारी लेकीला काही सुचायचं, ती ओरडायची, "आई, हे?" मावशी डोळे मिटून आठवून बघत आणि म्हणत, "नाही बाई, हे कुठे नाही पाहिलं." की सर्रकन एक दोरा निघायचा. मला अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटायचं.

अर्धे दोरे निघाले होते, अर्धे राहिले होते, आणि निर्मात्यांकडून बोलावणं आलं. पुढच्या आठवड्यात ठरलेली बैठक आजच घ्यायची होती.

"आधी उसव, मग ने," मावशी म्हणाल्या.

"अगं, गाडी दारात उभी आहे. तिथे समजावून सांगेन ना मी."

तिने मला चादरीत गुंडाळलं आणि नेलं. मावशी उंबऱ्यापर्यंत आल्या. ते घर मी पुन्हा पाहिलेलं नाही.

बैठकीच्या खोलीत मला एका काचेला टेकवून उभं केलं. समोर मालिकेचे निर्माते होते, त्यांना सगळे साहेब म्हणत, आणि शेजारी चॅनेलच्या बाई. लेकीने बोलायला सुरुवात केली, पण साहेब उठून सरळ माझ्याजवळ आले आणि त्यांनी टाळीच वाजवली.

"अरे वा! हे लाल दोरे बघा! महत्त्वाचे मुद्दे कसे वेगळे काढलेत पोरीने!"

आणि ते एकेक दोऱ्याची चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले. वारलेली बायको, वा. बाटली, वा. चोवीस तास, वा वा. जुना मित्र, जबरदस्त. जे जे टाकून द्यायचं म्हणून मावशींनी खूण केली होती, ते ते त्यांनी वेचून वेचून उचललं.

"आणि ही शिवणवाली कोण?"

"तीच... म्हणजे तपास तीच करते," लेक म्हणाली.

"हिला लाल दोरा नाही ना? मग तूच बाजूला ठेवलीस. बरोबर केलंस. एखाद्या भागात इन्स्पेक्टरच्या कोटाला बटण लावायला येऊ दे."

मित्रांनो, इथे फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, लाल ते काढायचं आहे. एवढंच. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. बोल ना पोरी, बोल. ज्या कोपऱ्यात तुझा हात पुरायचा तो कोपरा इथे आहे, त्याच्याकडे तरी बघ.

तेवढ्यात चॅनेलच्या बाई म्हणाल्या, "खरं सांगू? किती वेगळं आहे हे! इतकं ओरिजिनल आमच्याकडे वर्षभरात आलं नाही."

लेक हसली आणि म्हणाली, "थँक यू."

त्या क्षणी ती मला परकी झाली.

साहेबांना मी इतका आवडलो की त्यांनी मलाच मालिकेत घ्यायचं ठरवलं. चिठ्ठ्या काढल्या, फोटो लावले आणि आणखी लाल दोरे ताणले. कोटाची ती चिठ्ठी काढायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत. तिच्यावरच एका संशयिताचा फोटो टाचला. मालिका गाजली. फळ्याची काय सुंदर कल्पना आहे म्हणून माझंही कौतुक झालं. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. आतून जळत होतो, तरी दिवे माझ्यावर पडले की मला बरं वाटायचं.

लेकीने घरी काय सांगितलं होतं, ते मला ठाऊक नाही. पण एके दिवशी सकाळी मावशी सेटवर आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्या अजून मालिकेतल्या शिवणाऱ्या बाईची वाट बघत होत्या. काखेत पिशवी होती. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली आपली मोठी कात्री काढली आणि फळ्याची, टेबलाची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांपुढे धरली.

"ही त्या बाईला द्या. खोट्या कात्रीने हात चालत नाही."

"कोणत्या बाईला, आजी?"

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आई, तिचा भाग अजून... पुढे आहे तो."

शेजारी इन्स्पेक्टरचं काम करणारा नट लांब कोट घालून उभा होता. मावशी त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं.

"हा कोट तुमचा नाही. दुसऱ्या कुणाच्या मापाचा आहे, तुमच्या अंगावर बसवलाय. घाईत आत घेतलाय, शिवण दिसते बघा."

नट हसला. "बरोबर ओळखलंत आजी! मागच्या मालिकेतल्या इन्स्पेक्टरचा आहे."

लेक हसली नाही.

मग मावशींना मी दिसलो. त्यांनी आधी माझा कोपरा चाचपला, मग ते करडं कापड. ओळख पटल्यावर त्यांचा हात आपसूक दोऱ्याकडे गेला. जन्माची सवय. वाकड्या बोटांनी त्यांनी एक गाठ ओढली आणि दोरा सर्रकन सुटून आला. किती दिवसांनी मला मोकळं वाटलं! मावशी दुसऱ्या दोऱ्याला हात घालणार, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, हात नका लावू! सीन अर्धा झालाय, सगळं होतं तसं दिसायला हवं!"

"अहो, पण हे काढायचे असतात," मावशी म्हणाल्या. "कच्चं आहे हे. हिला विचारा. हिला माहीत आहे."

सगळे लेकीकडे बघू लागले. त्या बैठकीत न बोललेलं वाक्य बोलायची तिला दुसऱ्यांदा संधी होती. आईने आयतं तिच्या तोंडात दिलं होतं.

"आई, राहू दे," ती म्हणाली. तिने आईच्या हातातून दोरा घेतला आणि माझ्या अंगावर पुन्हा बांधला.

मावशींनी कात्री फडक्यात गुंडाळली, फडक्याची टोकं नीट आत खोवली आणि कात्री पिशवीत ठेवली. लेक पोचवायला निघाली तेव्हा म्हणाल्या, "तू तुझं काम कर. मला रस्ता दिसतोय." त्या माझ्याकडे वळून न बघता गेल्या. त्यांचं काय चुकलं?

ती मालिका कधीच संपली. आता मी सामानाच्या गोदामात भिंतीला टेकून असतो. नवीन गुन्ह्याची मालिका निघाली की कुणीतरी म्हणतं, "तो लाल दोऱ्यांचा फळा आणा." फोटो बदलतात, दोरे तेच. दर वेळी कुणीतरी इन्स्पेक्टर माझ्यासमोर उभा राहतो, आणि दर वेळी मला मावशींचा आवाज ऐकू येतो, "पाहिलंय." कोटाची चिठ्ठी तेवढी अजून माझ्या मधोमध आहे, फोटोंच्या थराखाली. ती मी पडू दिलेली नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी काही लिहाल. उसनं घ्यावंच लागलं तर घ्या, मावशींनाही ते चालायचं. पण ते कच्चं आहे हे विसरू नका, आणि कुणी त्यालाच वाहवा दिली तर लाजेने का होईना, खरं बोला. ज्यांनी तुम्हाला टाका घालायला शिकवलं, त्यांना दारातून एकटं परत जायला लावू नका.

आणि एक विनंती. लेकीने त्या दिवशी दोरा पुन्हा बांधला, पण हात शेवटी आईने शिकवलेला. नकळत तिने मारली ती गाठ मावशींचीच आहे, एका ओढीत सुटणारी. डावीकडे, खालच्या कोपऱ्यात, लहान मुलाचा हात पुरेल इतक्या उंचीवर. अजून कुणी ती ओढलेली नाही.