दुभाष्या बोलवा

वाहरूला मराठी येतं, असा पाड्यात सगळ्यांचा समज होता. नवापूर स्टेशनात त्यानं दोन वर्षं हमाली केली होती. 'उचल', 'इकडे ठेव', 'लवकर चल' एवढंच तो शिकला होता. पण डोंगरात परतल्यावर हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढे सागाची झाडं तोडल्याचा आळ त्याच्या धाकट्या भावावर, रेंग्यावर आला. झाडं तुटली त्या दिवशी दोघं भाऊ घर शाकारत होते. म्हणून वाहरू साक्षीला गेला.

"मराठी समजतं ना? की दुभाष्या बोलवू?" कचेरीत कारकुनानं विचारलं.

मागे पाड्यातली माणसं उभी होती. "समजतं," वाहरू म्हणाला.

मग सरकारी वकिलानं विचारलं, "त्या दिवशी आरोपी तुझ्यासमवेत नव्हता, हे खरं ना?"

त्यातलं 'खरं' तेवढं वाहरूला कळलं. "हो, खरं."

रेंग्यालाही काही कळलं नव्हतं. भावानं नीट सांगितलं, असं वाटून तो हसला.

त्याला सहा महिन्यांची सजा झाली. चौथ्या महिन्यात तो तुरुंगात तापानं गेला. शेवटचं तोंडही कुणाला दिसलं नाही.

वाहरूनं रेंग्याच्या बायकोला, हिरीबाईला, सगळं खरं सांगितलं.

"कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"लाज वाटली."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

वर्षभरानं शेजारच्या बुध्यावर तसाच खटला झाला. वाहरू आपणहून साक्षीला उभा राहिला.

"मराठी समजतं?"

"नाही, साहेब," तो घोकून आणलेल्या मोडक्या शब्दांत म्हणाला. "मागच्या साली पण समजत नव्हतं. खोटं बोललो. भाऊ मेला."

"आणि हे मराठीतच सांगतोय!" कुणीतरी म्हणालं. कचेरी हसली. पाड्यातली माणसं खाली बघू लागली. वाहरूचे कान तापले, पण तो जागचा हलला नाही.

"दुभाष्या बोलवा, साहेब."

दुभाष्या आला. एकेक प्रश्न वाहरूनं दोनदा विचारून घेतला, मगच उत्तर दिलं. बुध्या सुटला.

वाहरू तसाच हिरीबाईच्या दारी गेला. ती नागली पाखडत होती. त्याचं सगळं तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे सुटता येत होतं," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

पुढे कुणालाही समन्स आलं की वाहरू त्याच्यासोबत कचेरीत जाई. कळलं नाही तर तसं सांग, लोक हसले तरी सांग, एवढंच तो वाटेत बजावत राही. हिरीबाईच्या दारावरून मात्र तो पुन्हा कधी गेला नाही.