देवापुढच्या परातीतले कासव

देवळात गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेले असते, ते मी नव्हे. तळहातावर मावणारा हाडामांसाचा जीव मी; मी कासव बोलतो आहे.

कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने पोसते, असे संतांनी सांगितले आहे. माझ्या आईने मात्र मला कधी पाहिलेच नाही. हॉलंडमधल्या लायडनला सुनीतीबाईंच्या घरी, दिव्याच्या उबेत मी अंड्यातून बाहेर आलो. माझ्यावर पडलेली पहिली दृष्टी त्यांची.

सरपटणारे प्राणी हौसेने पाळणाऱ्यांच्या मंडळात त्या आहेत. जवळच्या रायस्वाइक गावातला पाळीव प्राण्यांचा दुकानदार वाउटर आणि हे मंडळ यांचा जुना स्नेह; त्यामुळे मीही त्याच्याच दुकानात आलो. रानातून धरलेला जीव तो दुकानात येऊ देत नाही आणि मंडळाने घर पाहिल्यावाचून कोणाला प्राणी देत नाही. तिथे चैत्राली नावाच्या मराठी गृहिणीने मला पसंत केले, तेव्हा सुनीतीबाईंनी तिच्या घरचा दिवा, माती, पाला, सारे तपासले. देवघराकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नाही.

त्याच सुमारास चैत्रालीचे सासरे मोरेश्वरपंत पुण्याहून आले. तिकडे त्यांच्या देवघरात पाण्याच्या थाळीत पितळी कासव असे. ते आणायचे राहून गेले होते. मला पाहताच त्यांचे डोळे पाणावले. एकादशीच्या सकाळी त्यांनी मला फूल वाहिले आणि काठोकाठ भरलेल्या परातीत, देवाकडे तोंड करून, मोठ्या भक्तीने सोडले.

मी तर जमिनीवरचा प्राणी! पाय तळाला लागेनात. धडपडीत उलटा झालो, नाकातोंडात पाणी शिरले. वर आरती रंगात आली होती. ज्याची आरती, त्याच्याच समोर मी मरत होतो! तो धक्का अजून माझ्या कवचातून गेलेला नाही.

चैत्राली धावत आली. "बाबा, अहो, ते बुडतंय!"

"कासव कधी बुडतं का, सूनबाई? मंदार पर्वत पाठीवर पेलला त्यानं!"

"हे जमिनीवरचं आहे, बाबा!"

पंतांच्या हातून घंटाच गळून पडली.

चैत्रालीने मला पाण्यातून उचलले आणि फोन लावला. पलीकडून सुनीतीबाई सांगत होत्या, "डोकं खाली धर. पाय हळूहळू आत-बाहेर कर. करत राहा." पाणी ठिबकले आणि श्वास परतला.

पंतांनी स्वतः मला शालीत गुंडाळले आणि ट्रामने दुकान गाठले. "सूनबाई, त्यांना सांग, हा जीव परत घ्या. पूजा म्हणून मी काय करत होतो!"

चैत्रालीने डचमध्ये सांगितले. वाउटरने मला शालीतून अलगद उचलून घेतले. म्हणाला, "चूक आमचीही आहे. घरात आणखी कोण असतं, त्यांना कासव म्हणजे काय वाटतं, हे आम्ही विचारलंच नाही. आधी डॉक्टर, मग पाहू."

मी बरा होईपर्यंत पंत रोज दुकानात येऊन काचेबाहेर बसत. मला हात लावत नसत, नुसते पाहत. अखेर वाउटरने मला त्यांच्याच ओंजळीत ठेवले.

आता देवघरात पुण्याहून मागवलेले पितळी कासव पाण्यात आहे आणि मी दिव्याखाली, कोरड्या मातीत. जप करताना पंतांची नजर मधूनच माझ्याकडे वळते. कासवीची ती दृष्टी मला एका म्हाताऱ्याकडून मिळाली.

माणसांनो, माझ्यापुढे हात अवश्य जोडा. पण त्याआधी एवढे विचारा: बाळा, तू पाण्यातला की जमिनीवरचा?