सारख्या उंचीचा जोडा

जोडे शिवणाऱ्या त्या कारागिराला सकाळपासून एका जागी बसवत नव्हते. रापी हातात घ्यावी, चामड्याला लावावी आणि मध्येच उठून दारापर्यंत जाऊन यावे, असे चालले होते. गावोगाव सुवार्ता सांगत फिरणारे उपदेशक संध्याकाळी आपली गाडी घेऊन येणार होते आणि तो त्यांच्यासोबत कायमचा निघणार होता. बायको मागाहून यायची होती. तिने होकार दिला होता, पण त्या होकारात उत्साहापेक्षा थकवाच अधिक होता. “स्वर्गात जायची एवढी घाई,” ती सकाळी म्हणाली होती, “आणि दुकान उघडायला मात्र रोज उशीर.”

घाई होती हे खरे. प्रभूच्या सान्निध्यात शाश्वत गौरव आहे, यावर त्याचा लहानपणापासून विश्वास होता. शंका होती ती त्या गौरवाविषयी नव्हे, स्वतःविषयी. जन्मभर टाचा ठोकलेल्या माणसाने देवासमोर उभे राहून दाखवायचे काय? हाती दिलेले काम निष्ठेने करणे हीच सेवा, असे चर्चच्या मंडळीचे पाळक त्याला सांगत. त्यावर तो हुज्जत घाली की निष्ठेने तर घाण्याचा बैलही फिरतो, मग त्यालाही स्वर्गात मुकुट मिळणार काय? बैलाचे देव पाहून घेईल, तू तुझे बघ, असे पाळकांनी हसून उत्तर दिले होते. ते त्याला मुळीच पटले नव्हते.

निघण्यापूर्वी एकच काम उरले होते, ते धाकट्या बहिणीच्या जोड्यांचे. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. डाव्या तळाखाली बुचाचे थर चिकटवून ती उणीव भरून काढण्याचे काम वडिलांच्या मागे तो एकटाच करीत आला होता. तिच्या चालीचा कल वर्षागणिक बदले, त्यामुळे दुसऱ्या कोणाला नुसती मापे देऊन ते साधणारे नव्हते. पुष्कळ उंबरठे झिजवल्यावर तिला रुग्णालयात रुग्णांच्या देखभालीचे काम मिळाले होते आणि उद्या सकाळी तिला रुजू व्हायचे होते. काठी टेकत फिरणारी बाई मला वॉर्डात चालणार नाही, असे तिथल्या मुख्य परिचारिकेने बजावले होते. जुन्या जोड्याचा तळ तर केव्हाच उकलला होता.

तो शिवत होता, पण मन हातांपाशी नव्हते. ते मेलेले उठतील त्या पुनरुत्थानाच्या प्रभाती जाऊन पोहोचले होते. बहीण देवाच्या सिंहासनासमोर चालत आहे, ताठ मानेने, न लंगडता, हे त्याला इतके स्वच्छ दिसले की डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनीच त्याने शेवटचा टाका ओढला.

दुपारी बहीण आली. भावाचे काम ती कधी उलटसुलट करून पाहत नसे. जोडे चढवले, नाड्या बांधल्या, उभी राहिली, डावे पाऊल टाकले आणि झाडाची फांदी मोडावी तशी एका अंगावर कोसळली. मनगट बाकाच्या कडेवर आपटले.

त्याने तिला उठवून बसवले आणि मग जोड्यांकडे पाहिले. दोन्हींची उंची सारखी होती. बुचाचे कापलेले थर मेजावर तसेच पडले होते. परक्या कारागिराच्या हातून हे घडले नसते, त्याने माप समोर ठेवून शिवले असते. जिचा पाय त्याला तोंडपाठ होता, तिच्याच बाबतीत तो पाय विसरण्याची मुभा त्याच्या हातांनी घेतली होती.

शिवताना काय दिसले ते तो पुटपुटला, त्यातून तिला सारे उमगले. मनगट चोळता चोळता ती हसू लागली.

“मग हे वरती घालीन मी, नीट ठेवून दे. तिथे सगळ्यांचेच पाय धड असणार. तुझा धंदा बसला म्हणून समज, दादा.” मग तिचा आवाज खाली आला. “पण उद्या मला फरशीवर चालायचंय रे.”

त्याच्या मनात पुन्हा वाद सुरू झाला. आशा खोटी होती काय? नव्हती. ज्या चालीचे त्याने स्वप्न पाहिले ती तिला मिळणार होती, यात त्याला तसूभरही संदेह नव्हता. पण त्या दिवसाचा जोडा त्याने आजच्या पायात घातला होता आणि त्या दोहोंमधली उंची बहिणीच्या मनगटाने भरून काढली होती. ती उंची भरण्याचे काम कोणाकडे सोपवले होते? हा प्रश्न त्याला नकोसा होता. म्हणून तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि त्याने तळ उसवायला घेतला.

उपदेशक आले तेव्हा सांज झाली होती. बुचाचे थर डिंकावर बसवून दोन्ही तळहातांनी दाबून धरावे लागतात, नाहीतर ते सरकतात. कारागीर तसाच दाबून बसला होता. उपदेशक भले गृहस्थ होते. त्यांनी बहिणीच्या मनगटाची विचारपूस केली, आपण थोडे थांबू शकतो असे सांगितले आणि मग हलकेच विचारले, “हे दुसरं कोणी नाही का करणार?”

“करील ना,” कारागीर म्हणाला. “पण ही पडेल.”

“आज राहिलात तर पुढच्या वर्षीही असंच काहीतरी निघेल हो.”

“निघेलच. तिचा पाय काही थांबत नाही.”

उपदेशकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसे कारागिराचे सारे अंग दाराकडे ओढले गेले. गुडघा उचललाही गेला. पण तळहात उचलता येत नव्हते. हे आज्ञापालन की नुसता डिंक, हे त्याला ठरवता येईना. त्याने फक्त एवढेच मागितले की प्रभू, हा थर धरू दे.

थर धरला. बहिणीने जोडे घातले, या खेपेस तळाशी नीट पाहून, आणि ती भिंतीचा आधार सोडून खिडकीपर्यंत गेली. तो जमिनीला गाल टेकवून तिच्या टाचेकडे पाहत होता.

“जमलं?” तिने विचारले.

“थांब. बाहेरच्या बाजूला किंचित झुकतेय,” तो म्हणाला आणि कानस शोधू लागला.